छापील छत्तीस, खरे सत्तावीस

फोनमध्ये चार टक्के उरले होते, आणि मागच्या सीटवरच्या आजोबांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसरा डोळाही फारसा कामाचा नाही, हे त्यांनी स्वतःच हसत हसत सांगितलं होतं.

"घर मला पक्कं ठाऊक आहे गं," ते म्हणाले, "पण वळण दिसल्याशिवाय रस्ता सांगता येत नाही."

तिने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. डोळ्यांच्या दवाखान्यातून ऑपरेशन झालेल्या पेशंटना घरी सोडायचं काम तिला मिळून जेमतेम चार दिवस झाले होते. पंधरा दिवस पारखून बघू, तीन तक्रारी आल्या की काम दुसऱ्याला, असं मोठ्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पहिली तक्रार कालच लागली होती... नकाशा अर्ध्या वाटेत विझला आणि एक काकू तासभर उशिरा घरी पोचल्या. गाडी तिची स्वतःची, हात सफाईदार, तीन वर्षांत कुठे साधा ओरखडा नाही. आणि अब्रू जायची ती बॅटरीपायी.

तसा चार्जर लावलेला होता. फोनवर विजेची खूणही दिसत होती. तरी टक्के खालीच चालले होते. चाराचे तीन झाले, तेव्हा समोर दिसलेल्या पहिल्या दुकानापुढे तिने गाडी थांबवली. दुकानावर पाटी होती – 'गाडीचं सगळं मिळेल'.

काउंटरमागचा तरुण एका चार्जरवर पांढऱ्या पेनने काहीतरी लिहीत होता. मान वर न करताच त्याने विचारलं, "बोला."

"गाडीत लावायचा चार्जर द्या. जरा लवकर."

"फोन कोणता? गाडीत असताना त्यावर काय काय चालू असतं?"

"फोन हा. नकाशा चालू असतो, स्क्रीन फुल, मधून मधून दवाखान्याचे कॉल." तिचा राग नाकावर आला. "मी चार्जर मागतेय, तुम्ही उलटतपासणी घेताय."

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. आणि पाहतच राहिला... म्हणजे फार वेळ नाही, हातातल्या चार्जरवरचा शेवटचा आकडा लिहायचा राहून गेला, एवढंच.

"उलटतपासणी नाही," तो जरा सावरून म्हणाला. "तुमच्या जुन्या चार्जरमधून येतंय चिमूटभर आणि नकाशा खातोय मूठभर. नुसत्या खुणेने फोनचं पोट भरत नाही. तुमचा फोन सत्तावीस वॅटपर्यंत घेतो. हा न्या."

चार्जरवर छापलेला छत्तीसचा आकडा खोडून शेजारी पांढऱ्या अक्षरात सत्तावीस लिहिलं होतं.

"हे काय? छत्तीसचे सत्तावीस कुणी केले?"

"मी. छापील छत्तीस आहेत, मोजले तर सत्तावीस भरले. माझ्या दुकानात खरा आकडा लिहूनच माल विकला जातो." हे सांगताना त्याची मान अशी काही ताठ झाली की तिला हसूच येणार होतं. "आणि त्या कपाटातला शंभरचा मागू नका. तुमचा फोन घेणार तेवढंच घेणार. चला, आता गाडीत लावून पंधरा मिनिटं तपासतो. तपासल्याशिवाय मी देत नाही."

"पंधरा मिनिटं? अहो, मागे पेशंट आहेत."

"पेशंटची काही हरकत नाही," गाडीतून आजोबा म्हणाले. "पेशंटला एका डोळ्याने बरंच काही दिसतंय."

तिचे कान तापले. "आज राहू द्या ना..." ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला ताठा कुठल्या कुठे गेला. "खरंच उशीर होतोय."

त्याने वॅट मोजायचा छोटा मीटर आणि स्वतःची जाड वायर लावून काउंटरवरच दहा सेकंद आकडा पाहिला, आणि चार्जर तिच्या हातात ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने गाडीत न तपासता माल दिला होता. या नेमामुळेच तर सगळा बाजार त्याला मीटर म्हणायचा. ती गेल्यावर मीटर बराच वेळ पेनचं टोपण शोधत होता. ते त्याच्या दुसऱ्या हातात होतं.

तीन दिवसांनी ती पुन्हा आली. गाडीचं दार आपटलं, दुकानात शिरली आणि चार्जर काउंटरवर ठेवला.

"खरा आकडा, नाही का?" ती म्हणाली. "काल भर दुपारी नकाशा विझला. एका बाईंना घेऊन मी पाऊण तास एकाच वसाहतीत घिरट्या घातल्या. दुसरी तक्रार लागली माझ्या नावावर. आता एक आली की संपलं."

त्याचा चेहरा पडला. पण मीटर तो मीटरच. "चार्जर खोटा असणार नाही," तो म्हणाला. "गाडीत बसून बघू."

आता पंचाईत अशी की तिच्या पुढच्या सीटवर कुणी बसत नसे. तिचाही एक नेम होता. पुढे बसलेला प्रत्येक पुरुष पाच मिनिटांत तिला गाडी शिकवायला लागतो, हा अनुभव घेऊन घेऊन तिने त्या सीटवर स्वतःची पिशवी कायमची बसवली होती. क्षणभर ती घुटमळली. मग पिशवी मागे गेली.

तो मांडीवर मीटर घेऊन बसला. ती बाजाराला एक मोठा वळसा घालायला निघाली. चौकात आडवी आलेली रिक्षा तिने हलकेच चुकवली, चढावर गाडी जराही मागे न सरकू देता पुढे काढली. तो एका शब्दाने बोलला नाही. क्लच सोडा म्हणाला नाही, की हॉर्न द्या म्हणाला नाही. असा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"सहा," तो अखेर म्हणाला. "सत्तावीसच्या जागी सहा येताहेत." मग त्याने तिची वायर दोन बोटांत धरून पाहिली. "ही कुठली?"

"जुनीच. एका खेळण्यातल्या पंख्याबरोबर आली होती. वायरला काय धाड भरलीय?"

"हिच्यातून सहाच्या वर काही जातच नाही." त्याने स्वतःच्या खिशातली जाड वायर लावली. मीटरवर सत्तावीस उमटले. त्याला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी माझ्या वायरवर तपासलं. गाडीत बसलो असतो, तर तुमची वायर तेव्हाच दिसली असती. तुम्ही 'राहू द्या ना' म्हणालात आणि मी... मी दवाखान्यात येऊन सांगतो तसं."

"काही नको. माझं मी निस्तरेन," ती म्हणाली. मग किंचित थांबून, "पण एक पंधरा मिनिटांची तपासणी तुमच्याकडून यायची राहिलीय."

"ती तर आत्ता झाली."

"एका दिवसात काय कळतं?"

तर अशी ती तपासणी सुरू झाली. रोज दुपारी दुकानाला तास-दीड तास कुलूप, आणि मीटर पुढच्या सीटवर. फोन कधी नव्वदच्या खाली आला नाही, तरी तो आकडे बघत राहिला आणि ती त्याला बघू देत राहिली. मागे कधी एका डोळ्यावर पट्टी असलेल्या मावशी, कधी मामा. सगळ्यांना घरचा रस्ता सोडून बाकी सगळं स्पष्ट दिसत होतं.

"तुम्ही गाडी फार सुंदर चालवता," एकदा तो म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. मग पुढचे दोन सिग्नल तिला आतून गुदगुल्या होत राहिल्या. "माझे बाबा तीस वर्षं बस चालवत होते. माणूस ब्रेक कसा दाबतो त्यावरून कळतो, म्हणतात. कितीही शिकलेला जावई आणा, आधी ब्रेक बघणार."

तो एकदम मान खाली घालून मीटर न्याहाळू लागला. जावई या शब्दाने लाजला असेल, असं तिला वाटलं.

पंधरावा दिवस उजाडला. शेवटची फेरी एका अरुंद गल्लीत होती. पेशंट आजींना तिसऱ्या मजल्यावर हाताला धरून न्यायचं होतं. तिने गाडी दाराशी उभी केली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. "कुणी आलं तर जरा पुढे घ्या हं," एवढं सांगून ती आजींना घेऊन जिना चढू लागली.

पहिल्या मजल्यावर पोचते न पोचते तोच खाली हॉर्न वाजू लागला. दुसऱ्यावर पोचली तेव्हाही वाजतच होता. आजींना त्यांच्या सुनेच्या हाती सोपवून ती धावत खाली निघाली, आणि जिन्याच्या खिडकीतून तिला दिसलं... पाण्याचा टँकर तिच्या गाडीमागे अडकला होता. टँकरवाला गाडीच्या दारावरचा दवाखान्याचा नंबर मोठ्याने वाचत फोनवर दाबत होता. गॅलऱ्यांमधून दहा-बारा माणसं बघत होती. आणि मीटर हातात किल्ली घेऊन तसाच उभा होता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिसरी तक्रार.

"फोन लावू नका," मीटरचा आवाज आला. "चूक त्यांची नाही. पेशंटला वर सोडायला गेल्यात, म्हणून किल्ली माझ्याकडे दिली."

"मग काढा ना गाडी. हातात किल्ली घेऊन काय आरती... काय बघत उभे आहात?"

मीटरने एकदा वर गॅलऱ्यांकडे पाहिलं. "मला गाडी चालवता येत नाही," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात.

टँकरवाल्याचा अंगठा थांबला. "तुम्ही ते मीटर ना? गाडीचं सगळं मिळेलवाले?"

"हो. सगळं मिळतं. फक्त मला चालवता येत नाही. एकदा शिकलो होतो, भिंतीला धडकलो, पुन्हा बसलो नाही. आता सांगा बाजारात. पण तो नंबर लावू नका, त्यांचं काम जाईल."

टँकरवाला असा हसत सुटला की तक्रार कशाची करायची तेच विसरला. गॅलऱ्याही हसल्या. ती मात्र खिडकीला धरून उभी होती. आपल्या शब्दाचा, आपल्या आकड्याचा एवढा ताठा मिरवणारा माणूस. सहा वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट त्याने अख्ख्या गल्लीसमोर मोकळी केली होती, तिच्यासाठी. असा माणूस आपला असावा, असं तिला वाटलं. नुसतं वाटलं नाही, तिने ठरवूनच टाकलं.

ती खाली आली, एका झटक्यात गाडी काढली, टँकरला वाट दिली. गाडी गल्लीबाहेर मोठ्या रस्त्याला लागली. काचेवर चुकार सरीचे चार थेंब पडले, तिने वायपर लावला.

"हसा आता," तो म्हणाला. "रोज इथे बसून तुमचा हात बघत होतो. मला जे जमत नाही ते कुणी इतकं सहज करतंय... म्हणून गप्प बसायचो. तुम्हाला वाटलं असेल, केवढा समंजस माणूस."

"वाटलं होतं," ती म्हणाली. "अजूनही वाटतंय."

"छापील आणि खऱ्यात फार फरक निघाला माझ्या बाबतीत."

"पण खोडून खरा आकडा तुम्हीच लिहिलात ना? तोही स्वतःच्या हाताने, दहा-बारा माणसांसमोर." तिने गाडी दवाखान्यामागच्या मोकळ्या मैदानात वळवली आणि थांबवली. फोन वाजला. मोठ्या सिस्टर होत्या. ती नुसतं हो हो करत राहिली, आणि फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"काम पक्कं झालं," ती म्हणाली. "उद्यापासून कायमचं."

"मग..." तो मीटरच्या वायरीला गाठी मारत बसला. "मग आता तपासणीही संपली. पुढच्या सीटवर तुमची पिशवी पुन्हा..."

"पुढच्या सीटवर मी कुणाला बसवत नाही, हे खरं आहे." तिने पट्टा काढला, उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि दार उघडलं. "उठा. इथे मी बसणार आहे."

"आणि मी?"

"तू तिकडे."

त्या 'तू'ने तो असा गडबडला की मीटर हातातून पडला.

"आज पहिला गिअर," ती शेजारी बसत म्हणाली. "भिंत जवळपास कुठेही नाही, मी बघून ठेवलंय. ब्रेक मात्र नीट शीक... बाबांना भेटायला गाडी तुलाच न्यायची आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. क्लच सोडला, गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. त्याने पुन्हा किल्ली फिरवली. चौथ्या खेपेला गाडी खरोखर चालायला लागली, सावकाश, गवतावरून, मैदानाच्या टोकापर्यंत. तिथे त्याने ब्रेक दाबला. इतका अलगद, की डॅशबोर्डवरचा फोन जागचा हलला नाही.

फोनवर शंभर टक्के होते. तिने पर्समधून त्याचंच पांढरं पेन काढलं. ते तिच्याकडे कधी आलं, हे त्याने विचारलं नाही. स्टिअरिंगवरचा त्याचा हात ओढून तिने त्याच्या मनगटावर लिहिलं, 'तपासला. चालेल.'

"नुसताच चालेल?" तो म्हणाला.

"मी खरं तेवढंच लिहिते," ती म्हणाली, आणि हात काही सोडला नाही.