पाळण्याची पेटी

कात्री चालली... आणि विजेवर हलणाऱ्या पाळण्याची वायर दोन तुकडे होऊन फरशीवर पडली!

"अहो ताई, हे काय केलंत तुम्ही?" धाकटी जाऊ किंचाळली. तिच्या बहिणीचा नवरा पाळणा न्यायला गाडी घेऊन दारात उभा होता; तो बिचारा कधी मेहुणीकडे, कधी थोरलीकडे बघत राहिला.

"हा पाळणा कुठल्याही घरी जाणार नाही," थोरली म्हणाली. तिचा आवाज ठाम होता.

"का? माझ्या बहिणीला बाळ होणार, ते डोळ्यांत खुपतंय? स्वतःची कूस उजवली नाही, म्हणून दुसऱ्याचा पाळणा..."

पुढचे शब्द तिने गिळले, पण व्हायचा तो घाव झालाच. पाहुणा रिकाम्या हातांनी निघून गेला. थोरलीच्या अंतःकरणातला आक्रोश ओठांपर्यंत आला... आणि तिने तो तिथेच दाबला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी!

कारण सकाळी पाळणा पुसताना मोटारीच्या पेटीचं प्लॅस्टिक तिला वितळलेलं दिसलं होतं. झाकण उचललं, तर आतली बॅटरी फुगून टम्म झालेली आणि तिला जोडलेला चार्जर भलत्याच कशाचा तरी! हे काम होतं तिच्या धाकट्या दिराचं. नोकरी सुटल्यावर त्याने नुकतंच दुरुस्तीचं दुकान थाटलं होतं, आणि धाकटी ज्याला त्याला कौतुकाने सांगत होती, "आमचा पाळणा यांनीच दुरुस्त केला, नव्यासारखा चालतो!" आता त्याच पाळण्याची ही तऱ्हा पाहुण्यासमोर उघडी करायची? सासुरवाडीत त्याचं हसं करायचं? ती लग्न होऊन या घरात आली, तेव्हा आईवेगळा हा पोर शाळेत जात होता. त्याच्या डब्यापासून त्याच्या तापातल्या जागरणांपर्यंत सारं तिनेच केलं होतं. आपल्याला दुष्ट म्हणोत, मत्सरी म्हणोत... त्याचं दुकान मात्र बसता कामा नये!

पण पेटी घरात ठेवणंही नको. भंगारवाल्याला दिली, तर तो वायर जोडून विकणार आणि उद्या दुसऱ्याच कुणाचं लेकरू तिच्या भरवशावर झोपणार. कचऱ्यात टाकली, तर कचऱ्याच्या गाडीतच पेट घ्यायची. तिने पेटी पाळण्यापासून सुटी केली, कोरड्या पत्र्याच्या बादलीत अलगद ठेवली आणि विजेच्या जुन्या वस्तू जमा करणाऱ्या केंद्राची वाट धरली.

केंद्राच्या फाटकाशी धापा टाकत दिराने तिला गाठलं. बायकोने फोनवर सगळं त्याच्या कानांत ओतलंच होतं.

"वहिनी, दे ती इकडे. वायर काय, आत्ता जोडतो!"

"नाही देणार."

"अगं, पण चांगली चालती वस्तू..."

"भाऊजी, हट्ट करू नका!"

त्याने बादली ओढली, पेटीचं झाकण सरकलं... आणि तो जागच्या जागी थिजला. स्वतः लावलेला चार्जर ओळखायला त्याला कितीसा वेळ लागणार?

"हे... हे मी केलं?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आपली चिमणी लेक यात झोपत होती गं! वहिनी, तू बोलली का नाहीस? तिने तुला नाही नाही ते ऐकवलं, आणि तू..."

"बोलले असते, तर तुझ्या दुकानाची पायरी कोण चढलं असतं रे वेड्या?" भाऊजी नाही, तुम्ही नाही, तिच्यासमोर पुन्हा तो शाळकरी पोर उभा होता. "मला काय, ऐकायची सवय आहे."

केंद्रावरच्या बाईने फुगलेली बॅटरी जपून काढली, वाळूच्या डब्यात ठेवली आणि मोटार, तांब्याची तार, प्लॅस्टिक वेगवेगळं करायला घेतलं. तिचं काम संपेपर्यंत दीर-भावजय तिथून हलले नाहीत.

"घरी गप्प राहा," थोरलीने परतताना बजावलं.

"तू राहिलीस तेवढं पुरे झालं!"

आणि घरात पाऊल टाकताच त्याने बायकोला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने बहिणीला फोन लावला.

"पाळणा मिळायचा नाही... का म्हणजे? आमच्या यांनी भलताच चार्जर लावला होता. माझ्या जावेने अडवलं म्हणून, नाहीतर तुझं बाळ..." दिराने मान खाली घातली, पण तिला थांबवलं नाही.

"माझी जीभ झडो, ताई!" ती थोरलीच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. मग एकदम काहीतरी आठवून स्वयंपाकघरात धावली आणि बाळाची दुधाची बाटली गरम करायचं यंत्र घेऊन आली.

"हेही... हेही यांनीच दुरुस्त केलंय हो!"

रडता रडता थोरलीला हसू फुटलं. तिने हात पुढे केला. "आण इकडे. केंद्र बंद व्हायच्या आत देऊन येते."

"तुम्ही नाही. आता मी जाणार." धाकटीने यंत्र पिशवीत घातलं, रांगत आलेल्या चिमणीला उचललं आणि थोरलीच्या कडेवर दिलं.

"मी येईपर्यंत तुमच्या लेकीला तेवढं सांभाळा."