आठव्या खुंटीवरचा पट्टा

जुन्या बचाव-होडीच्या घरात खुंट्या आठ आणि पट्टे सातच, हे तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलंय का रे?

हसू नका. एमिर माझा शेजारी. त्याच्याकडून आणि त्याच्या लेकीकडून ऐकलं तेच सांगतो.

आमच्या अबरहेली गावाला पाहुणे येतात ते किनारा, चुन्याची भट्टी आणि ते होडीघर बघायला. एमिर तिथला राखणदार. तो सगळ्यांना जुनी रीत सांगायचा. वादळात इशाऱ्याची तोफ वाजली की गडी धावत यायचे, आणि ज्याच्या हाती बुडू न देणारा बुचाचा पट्टा आधी लागेल, वल्हं त्याचं. एका रात्री आठवा पट्टा दुरुस्तीला गेला होता. सातच जण गेले. एक वल्हं रिकामं. परत वल्हवत यायला सातजण पुरे पडले नाहीत. सकाळी लाटांनी नुसते सात पट्टे आणून टाकले, माणसं नाहीत. तेव्हापासून आठवी खुंटी मोकळी.

गेल्या सालच्या सतरा नोव्हेंबरला, शुक्रवारी, एमिर नवा पट्टा काखेत मारून निघाला. संध्याकाळचे साडेपाच, पण अंधार मिट्ट. सहाला त्याची लेक मेरेरिड येणार होती. ती आताच्या बचाव-होडीवर असते. तिला तो पट्टा घालायला लावून फोटो काढायचा, होडीघराच्या जाहिरातीसाठी.

वाटेत गावातल्या म्हाताऱ्या ओलवेन मावशीनं हटकलं. "तो टांगू नकोस बाबा. पट्टा टांगला म्हणजे माणूस बोलावला."

"मावशी, फोटोत ती मोकळी खुंटी पडलेल्या दातासारखी दिसते."

"माझे तर सगळेच पडलेत. मलाही काही टांगतोस का?"

हसत हसत तो होडीघरात आला. दिवा लावला. पट्टा आठव्या खुंटीवर अडकवला आणि पाठ फिरवली.

मागे खुंटी करकरली.

वळून पाहिलं. पहिला पट्टा नव्हता.

मग दुसरा गेला. तिसरा. कुणी घाईनं उचलावा तसा. फरशीवर ओल्या बुटांचे ठसे उमटत होते. बूट मात्र दिसत नव्हते.

सहा... सात.

मग सगळं थांबलं. आठवा तिथेच लोंबत होता. ते सातजण वाट बघत होते. कुणाची, ते एमिरला कळलं, कारण बाहेर शीळ ऐकू आली. मेरेरिड ओळखीचं गाणं वाजवत येत होती.

"नको..." एमिर पुटपुटला.

दार उघडलं. "बाबा, नवा पट्टा तो हाच ना? थांबा, घालून बघते." तिनं हात पुढे केला.

एमिरनं झडप घातली. तिच्या बोटांआधी पट्टा त्याच्या हातात. अंगात घातला. बंद आवळला.

"अहो बाबा, फोटो माझा आहे!"

दिवा गेला.

पुन्हा लागला तेव्हा मेरेरिड एकटीच होती. समुद्राकडचं दार आतून बंद. बाबा नाहीत...

रात्रभर सगळं गाव किनारा धुंडाळत होतं. मेरेरिड होडी घेऊन तीनदा जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमिर होडी पाण्यात सोडायच्या उतारावर झोपलेला सापडला. सात पट्टे आपापल्या खुंटीवर होते, आठवी खुंटी मोकळी होती, आणि जन्मात कधी वल्हं न धरलेल्या एमिरच्या दोन्ही तळहातांवर फुटलेले फोड होते.