निरंजन चमच्याने का जेवतो

हसून घ्या. मघाशी पंगतीत निरंजनने भातासाठी चमचा मागितला आणि तुम्ही सगळी पोरं खिदळलात. विक्की, तू तर म्हणालास, एक जर्मन आठ दिवस राहून गेला आणि म्हाळुंग्याचा गडी साहेब झाला. उद्या त्याचा साखरपुडा आहे. सासरच्या माणसांसमोर कोणी असलं काही बोलू नये, म्हणून आज सांगतो. त्याने स्वतः मला सांगितलेलं आहे, आणि त्याचा बाप दत्तोबा माझा शेजारी, तेव्हा थोडं मी डोळ्यांनीही पाहिलंय. मोबाइल ठेवा खाली.

काम साधं होतं. गेल्या वर्षीचा सप्टेंबर, सतरा तारीख, बुधवार. निरंजनला विमानतळावरून एका पोराला घरी आणायचं होतं. लुकास त्याचं नाव. तळेगावच्या ज्या कॉलेजात निरंजन इंजिनिअरिंगला होता, तिथली दोन पोरं जर्मनीला शिकायला जाणार आणि तिकडची दोन इकडे येणार, अशी अदलाबदल ठरली होती. लुकास दोन महिने दत्तोबाकडे राहणार होता. कॉलेजची अट एकच. खोलीत दोन खाटा, एकीवर तो, दुसरीवर निरंजन. नव्या मुलखात पोर एकटं पडू नये म्हणून. आणि लुकासने शेरा चांगला दिला, तर जानेवारीत जर्मनीला जाणाऱ्यांत निरंजनचं नाव पक्कं होतं. त्या पोराचा सगळा जीव त्या जाण्यात अडकला होता.

दत्तोबाने लुकासला तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली दिली. ती एप्रिलपासून बंद होती. का बंद होती ते ऐका.

तिथे भिवा भाड्याने राहायचा. परभणीकडचा, पंचविशीतला, चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर. एप्रिलमध्ये त्याचे दोघे जोडीदार गावाला जत्रेला गेले आणि हा तापाने मागे राहिला. एका दुपारी निरंजन पाण्याची टाकी बघायला वर चढला, तर भिवा दाराला धरून उभा. म्हणाला, "दादा, तोंडाला चव न्हाई. जरासा दहीभात भेटंल का?"

निरंजन म्हणाला, "आणतो."

खाली आला. मॅच लागली होती. विसरला.

विसरतो माणूस, त्याचं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याला आठवलं, आणि आता कोणत्या तोंडाने जायचं म्हणून तो गेला नाही. चौथ्या दिवशी जिन्यात वास सुटला. उंदीर मेला असेल म्हणून या गड्याने जिन्यात सेंट मारला. दार तोडलं ते पाचव्या दिवशी. स्लॅबखालची खोली, एप्रिलचं ऊन. गादीतून खाली फरशीवर पाझरलं होतं. फरशी तीनदा ॲसिडने धुतली तरी डाग गेला नाही. जास्त सांगत नाही, तुम्ही आत्ताच जेवलाय.

दहाव्याच्या दिवशी भिवाच्या भावाचा गावाकडून फोन आला. "पिंडाला कावळा शिवत न्हाई. सकाळधरनं नदीवर बसलोय. मागं काय राहिलं त्याचं? तुमच्याकडं काही बोलला का?"

फोन निरंजनने घेतला होता. दोन शब्द पुरले असते. दहीभात ठेवा म्हणाला असता, तर तो भाऊ पळत जाऊन घेऊन आला असता. पण ते सांगायचं, म्हणजे माणूस आजारी होता हे आपल्याला माहीत होतं, असं कबूल करायचं. निरंजन म्हणाला, "नाही, मला काही बोलला नाही." शेवटी त्या लोकांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि घरी गेले. पोरगा चांगला आहे, माझ्या अंगाखांद्यावर खेळलाय. पण त्या फोनची आठवण झाली की मला आजही त्याची शिसारी येते.

त्यानंतर ती खोली कोणी घेईना. लुकास यायचा ठरला तेव्हा निरंजनची आई इंदुताई म्हणाली, "आवं, परक्याचं लेकरू हाय. त्याला खालची खोली द्या की."

दत्तोबा म्हणाला, "त्याला काय कळतंय? आपली भुतं मराठीत बोलत्यात. जर्मन माणसाला काय करणार हायेत?"

आम्ही ओट्यावर बसलेले सगळे हसलो. मीसुद्धा हसलो.

भिंतींना रंग दिला, नवी गादी टाकली, लुकास आला. उंच, पिंगट दाढीचा, बोलायला मऊ पोरगा. निरंजनने पहिल्याच रात्री परीक्षेचं निमित्त काढलं आणि खाली झोपला. दुसरी खाट रिकामी राहिली.

गुरुवारी सकाळी त्याने लुकासला विचारलं, झोप लागली का? त्यांचं सगळं इंग्रजीत चालायचं. लुकास म्हणाला, "छान लागली. खोलीत थोडा वास आहे. पण आम्हाला निघताना सांगितलंय, नव्या देशात पहिले काही दिवस वास वेगळे वाटतात, नाक मुरडायचं नाही. होईल सवय." मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "तुझ्याऐवजी जो झोपायला येतो, तो फार शांत आहे."

पोरगा चेष्टा करतोय, असं निरंजनने स्वतःला समजावलं.

त्याच संध्याकाळी लुकासने इंदुताईला खाणाखुणांनी विचारलं, इथे आजारी माणसाला काय देतात? तिला वाटलं याचंच पोट बिघडलंय. तिने वाटीभर दहीभात दिला. तो वर घेऊन गेला. शुक्रवारी पुन्हा मागितला. शनिवारी पुन्हा. वाट्या मात्र खाली येईनात.

रविवारी, एकवीस तारखेला, सर्वपित्री अमावास्या. दुपारी निरंजन गच्चीवर पितरांसाठी पान ठेवायला गेला, तर लुकास कुतूहलाने मागोमाग आला. निरंजनने त्याला समजावलं, कावळा शिवला की गेलेलं माणूस तृप्त झालं. काही मनात राहिलं असेल, तर शिवत नाही.

लुकास त्या पानाजवळ उकिडवा बसला. मग म्हणाला, "तुझ्या भाषेतला एक शब्द विचारायचाय. 'आणतो' म्हणजे काय?"

"कोण म्हणालं?"

"माझ्या खोलीतला. मी वाटी पुढे केली की मान हलवतो. दाराकडे बघतो आणि तेवढंच म्हणतो. आणतो... आणतो..."

निरंजन धावत त्या खोलीत गेला. दार उघडताच तो वास तोंडावर आला. एप्रिलमध्ये जिन्यात होता तोच. गोडसर, घशात चिकटणारा. दुसऱ्या खाटेखाली तीन वाट्या ओळीने मांडलेल्या होत्या. दह्यावर हिरवी लव आली होती आणि तिच्याखाली भात हलत होता. अळ्यांनी. खाटेखालच्या फरशीवरचा तो जुना डाग ओला दिसत होता. निरंजन कसाबसा बेसिनपर्यंत पोचला आणि भडाभडा ओकला.

लुकास दारात उभा राहून ओशाळल्यासारखा म्हणाला, "मी फेकणार होतो. पण तो जेवला नव्हता ना. इथे अन्न टाकत नाहीत, असं तुझ्या आईने खुणांनी सांगितलं."

तेव्हा तरी या पोराने तोंड उघडायचं. नाही उघडलं. जर्मनी डोळ्यांपुढे होती. वाट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दूर कचराकुंडीत टाकून आला आणि म्हणाला, उद्या तुला खालची खोली देतो.

रात्री बारा वाजून पन्नास मिनिटांनी त्याचा फोन वाजला. लुकास होता.

"लवकर ये. त्याचा ताप फार वाढलाय. त्याला दवाखान्यात न्यायला हवं. तू येतोस ना?"

निरंजनने फोन कानाला धरून ठेवला. वर तापाने माणूस पडलाय आणि आपल्याला बोलावणं आलंय. पुन्हा.

आणि या वेळी, एवढं मी त्याचं कौतुक करतो, त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं नाही. उठला. स्वयंपाकघरात गेला. उरलेल्या भातावर दही घातलं, मीठ घातलं, हाताने कालवलं. वाटी घेऊन जिन्याला लागला.

पहिल्या मजल्यावर लाइट गेली.

दुसऱ्या मजल्यावर वास आला.

तो चढत राहिला. दार उघडं होतं. आत अंधार. लुकास दुसऱ्या खाटेजवळ जमिनीवर बसला होता, हातात ओला रुमाल. त्याचा मोबाइल खाटेवर उजेड पाडत होता. खाटेवर कोणी नव्हतं. पण गादी... गादी मधोमध दबलेली होती.

"तुझ्याकडेच बघतोय," लुकास म्हणाला.

निरंजनला काही दिसेना. त्याने वाटी उशाशी ठेवली. काही झालं नाही.

"त्याला उठवत नाही. भरव ना."

त्याने घास उचलला. हात पुढे केला. दही मनगटावर ओघळत होतं. तोंडून एवढंच निघालं, "भिवा... आणलाय."

मोबाइलचा उजेड विझला.

काही नाही.

मग बोटांना काहीतरी लागलं. मऊ. थंड. ओलं.

ओठ.

त्याला हात मागे घ्यायचा होता. घेता येईना. घास गेला. बोटंही आत गेली. आत ऊब नव्हती. जीभ होती. जाड, सुजलेली... ती एकेक बोट चाटत होती. सावकाश. दाण्यादाण्यासाठी.

पुढचा घास उचलण्यापुरता हात सुटायचा. पुन्हा...

वाटी संपेपर्यंत.

मग दातांचा नुसता स्पर्श झाला, चावा नव्हे. आणि सुटलं.

लाइट आली तेव्हा गादी सपाट होती. लुकास रिकाम्या खाटेकडे बघत होता. "कुठे गेला?" त्याने विचारलं. निरंजन तिथेच खाली बसला आणि पहाटेपर्यंत त्याला सगळं सांगितलं. दहीभात, मॅच, सेंट, फोन, सगळं. लुकास ऐकत गेला. शेवटी त्याने आपल्या हातातल्या त्या ओल्या रुमालाकडे पाहिलं, तो खाली टाकला आणि बेसिनवर जाऊन किती तरी वेळ हात धूत राहिला. मग बॅग भरून खाली आला. दोन-तीन दिवस खालच्या खोलीत राहून कॉलेजच्या वसतिगृहात गेला. शेरा काय लिहिला, कोणाला माहीत नाही. निरंजनने जर्मनीच्या यादीतून आपलं नाव आपणच काढून घेतलं. दत्तोबा महिनाभर त्याच्याशी बोलला नाही.

परभणीच्या भावालाही त्याने सकाळीच फोन केला. पलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्याचं बरोबरच होतं.

आता चमच्याचं. त्या रात्री निरंजनने साबणाची अख्खी वडी झिजवली. माती लावली, लिंबू चोळलं. वास आठवड्याभराने गेला म्हणतो. पण उजव्या हाताची पाचही बोटं बघा, पेरापर्यंत. धुणं घेऊन दिवसभर पाण्यात बसल्यावर बाईची बोटं होतात ना, पांढरी, चुणलेली, तशी. चिंचवडच्या मोठ्या डॉक्टरला दाखवून झालं, मलमं झाली. त्या बोटांनी घास तोंडाशी नेला की त्याला ओकारी येते.

उद्या पोरगी अंगठी त्याच हातात घालील. तेव्हा हसू नका, बघा. सप्टेंबरपासून ती बोटं सुकलेली नाहीत.