नळजोडणीच्या वर्गात चुकून

मी आयुष्यात पहिल्यांदा पाना हातात धरला तो निव्वळ लाजेपोटी!

त्याचं असं झालं – काकांच्या धुलाईच्या दुकानाचं शटर ओढून मी एका मंगळवारी संध्याकाळी धावतपळत कॉलेजात पोचले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तिथे खास वर्ग असतात. सकाळी, संध्याकाळी, शनिवारी, ज्याला जसं जमेल तसं. शिक्षण अर्धवट राहिलेल्यांना एका कोर्सची फी माफ. वर पहिला महिना कुठल्याही वर्गात बसून बघायची मुभा. मला बालवाडीची शिक्षिका व्हायचं होतं. बारा नंबरच्या खोलीत शिरले, दिसली ती रिकामी खुर्ची पकडली, मान वर केली तर फळ्यावर... संडासाच्या टाकीची आकृती!

उठणारच होते, अगदी शपथ घेऊन सांगते. पण तेवढ्यात मास्तरांनी दार लावून घेतलं.

"उशिरा आलेले दोघं पुढे या. हा पाइप धरा."

दोघं? मी वळून पाहिलं. माझ्या मागोमाग तोही आत आला होता. उंच, सावळा, डोळ्यांवर झोप आणि ओठांवर मात्र हसू. भरल्या वर्गासमोर 'मी चुकून आले हो' म्हणायचा धीर होईना. मी मुकाट्याने पाइपचं एक टोक धरलं, त्याने दुसरं.

"घट्ट धरा हं," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"पाइप... पाइपच."

मास्तरांनी पाणी सोडलं आणि आमचा सांधा फुटला. गार पाण्याचा फवारा थेट आमच्या तोंडावर! त्याच्या पापण्यांवर थेंब थरथरत होते. मी बघत राहिले, आणि मी बघतेय हे त्याने बघितलं... झालं. आधीच मी गोंधळलेली, त्यात ही भर.

नंतर ऑफिसात कळलं, बारा नंबरची खोली नव्या इमारतीतही होती. माझा बालवाडीचा वर्ग तिथे चालला होता. पण ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "काळजी नको. मंगळवारी बुडलेला धडा शनिवारी पुन्हा घेतात." हे ऐकलं आणि मी दर मंगळवारी बुडायचं ठरवलं!

मग काय, मंगळवारी सांधे आवळायचे, शनिवारी बालगीतं म्हणायची. काकू माझ्या नखांकडे बघून म्हणाली, "अगं, बालवाडीतल्या पोरांना ग्रीस लावून शिकवतात की काय?"

"नवीन पद्धत आहे," मी म्हटलं.

"पद्धत उंच आहे की बुटकी, ते सांग." काकूपुढे काही लपत नाही.

तो रुग्णवाहिका चालवायचा. रात्रपाळी करून दिवसा झोपायचा आणि संध्याकाळी वर्गाला यायचा. वर्ग सुटला की आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसून हातावरचं ग्रीस पुसायचो. फडकं एकच असायचं. दुसरं आणायचं दोघांनाही कधी सुचलं नाही!

"तुम्ही नळजोडणीच का निवडलीत?" एकदा त्याने विचारलं.

"लहानपणापासून आवड!" मी ठोकून दिलं. "आणि तुम्ही?"

"मी... असंच." तो पुसलेलीच बोटं पुन्हा पुसत राहिला. "तुमचा हेवा वाटतो मला. काय करायचंय ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. इतकं ठाम माणूस मी पाहिलेलं नाही."

ठाम? मी? चपला घ्यायला गेले तर सगळा बाजार पालथा घालून रिकाम्या हाताने घरी येणारी मी! मला तिथल्या तिथे खरं सांगायचं होतं. पण तो माझ्याकडे असा काही बघत होता की फडक्याचं दुसरं टोक धरून मीही बोटं पुसत बसले. त्याला आवडत होती ती ठाम मुलगी. मग माझं काय? ती मी नव्हतेच की...

महिना संपत आला. आता एकच कोर्स पक्का करायचा होता. आमच्या गल्लीतल्या बालवाडीच्या मुख्य बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं – याच सत्रात नाव घातलंस तर जागा तुझी, नाहीतर दुसरी मुलगी बघते. डोकं म्हणे बालवाडी, मन म्हणे मंगळवार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

शेवटच्या शनिवारी आम्हाला सरावासाठी खऱ्या बालवाडीत नेलं. एक रडकी छोकरी माझं बोट धरून गाणं ऐकता ऐकता तशीच झोपून गेली. बोट सोडवून घ्यावंसं मला वाटेना. बस, तेव्हाच कळलं. मला हेच करायचं होतं.

सोमवारी ऑफिसच्या खिडकीशी उभी राहिले, तर बाजूला तोच, कसलीशी पावती घेत!

"कुठला कोर्स पक्का करू?" बाईंनी विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर हिंमत गेली असती. "बालवाडी शिक्षिका," मी म्हणाले. मग त्याच्याकडे वळून एका दमात सगळं ओकून टाकलं. "मी चुकून आले होते त्या वर्गात. नळाची आवडबिवड काही नाही मला. ठाम तर मुळीच नाही. मी फक्त... तुमच्यासाठी येत होते."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"मीसुद्धा," तो कसाबसा म्हणाला.

"मीसुद्धा काय?"

"चुकूनच आलो होतो. मला रुग्णसेवेचा कोर्स करायचा होता. खोली चुकली... मग तुम्ही दिसलात." त्याने हातातली पावती पुढे केली. "आज सकाळीच मी रुग्णसेवा सोडून नळजोडणी पक्की केली."

मी खिडकीत जवळजवळ डोकंच घातलं. "बाई, यांचं बदलून द्या ना!"

"बदल एकदाच करता येतो, आणि तो यांनी सकाळीच केलाय. आता पुढच्या सत्रात." बाई तरी काय करणार!

एवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठेतरी अपघात झाला होता. तो तसाच रुग्णवाहिकेकडे धावला. आणि मी? माझं नाव पक्कं झालं म्हणून हसू, की माझ्या थापेपायी त्याचं सत्र वाया गेलं म्हणून रडू, काहीच समजेना. मंगळवार आला. मी माझ्या खऱ्या वर्गात बसले आणि जिन्याकडे फिरकलेसुद्धा नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते?

गुरुवारी सकाळी दुकान उघडून इस्त्री तापवत होते, तर समोर तो. रात्रपाळीचा चुरगळलेला शर्ट अंगात, हात रिकामे.

"कपडे?" मी उगाचच विचारलं.

"नाहीत."

"रागावलात?"

"रागावलो होतो. दोन दिवस पाइपशी भांडलो." त्याला हसू आलं. "मग विचार केला, आपणही थापच मारली होती की! रुग्णसेवेच्या शनिवारच्या वर्गात मला नुसतं बसू देणार आहेत. पक्कं नाव पुढच्या सत्रात."

"पण तुम्हाला ठाम मुलगी आवडते ना..."

"खिडकीपाशी माझ्याकडे न बघता जी बोलली ना, ती आवडते." तो एक पाऊल पुढे आला. "मला तू आवडतेस. तुझं काय?"

इस्त्रीची वाफ आमच्या मध्ये तरंगत होती. आतून काका खाकरले. "कोण आहे गं? गिऱ्हाईक की पाहुणा?"

मी गोंधळायला हवं होतं. पण कसं कोण जाणे, उत्तर तयारच होतं.

"आपलं माणूस आहे, काका."

मग काकांचा आवाज आला, "मग त्याला असं बाहेर का उभं केलंयस?"