मानेजवळचा सांधा

हे खरं घडलेलं आहे.

पटलंच पाहिजे असा आग्रह नाही. पण ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस अजून आहे. ते गॅरेज आहे. ती मोटरसायकलही तिथेच उभी आहे.

असल्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही सकाळची आहे.

रविवार. आठ वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन.

ज्याची ही गोष्ट, त्याला घरात सगळे धाकटा म्हणतात. पन्नाशी आली, केस पिकले, तरी धाकटाच. कारण त्याच्यावर एक दादा होता. दादाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण याचं नाव काही मोठं झालं नाही.

गॅरेज दोघा भावांचं. खाली पत्र्याची शेड, मागे धाकट्याची एक खोली, बाहेरून जिना, आणि जिन्याच्या वर दादाचं घर. तिथे आता वहिनी आणि पुतणी राहतात. धाकट्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, राहून गेलं. त्याचं जेवणाचं ताट रोज वरून येतं. वहिनी स्वतः घेऊन यायच्या. बावीस वर्षांत एक दिवस खाडा नाही.

दादा इंजिनाचा माणूस होता आणि धाकटा फ्रेमचा.

फ्रेम म्हणजे गाडीचा सांगाडा. इंजिन, टाकी, सीट, चाकं, सगळा भार तिच्यावर. पुढच्या चाकाचा दांडा जिथे बसतो त्या जागेला गॅरेजात मान म्हणतात. मानेजवळच्या सांध्याला चीर गेली तर ती टाकीखाली झाकलेली राहते, दिसत नाही. मग ओळखायची कशी?

वाजवून.

हातात पाना घ्यायचा आणि नळीवर हलकेच ठोकायचं. फ्रेम धड असेल तर आवाज घंटेसारखा लांब जातो. चीर असेल तर आवाज जागीच मरतो. मातीच्या फुटक्या मडक्यासारखा. एकदा कान तयार झाला की यात चूक होत नाही.

दादा बाहेरून आलेली प्रत्येक फ्रेम वाजवून घ्यायचा. बारा नंबरचा पाना, तीन ठोके. त्याची ती पद्धतच होती. पण धाकट्याने जोडलेली फ्रेम त्याने कधी वाजवली नाही. गिऱ्हाइकाने हटकलं तर हसून म्हणायचा, की हे माझ्या भावाचं काम आहे, हे वाजवायला लागलं तर मी दुकान बंद करून वर झोपायला जाईन.

आणि नेमकं तिथेच सगळं बिघडलं.

बावीस वर्षांपूर्वीचा शनिवार. टाकी उतरवली तेव्हा दादाच्या स्वतःच्या जुन्या मोटरसायकलच्या मानेजवळ केसाएवढी चीर दिसली. दादाने सांगितलं, आजच पितळ भरून टाक, उद्या मला लांब जायचंय. धाकटा जोडायला बसला आणि पितळ वितळवायच्या गॅसची नळकांडी रिकामी निघाली. ती भरून आणायचं काम त्याचंच होतं. दादाने दोन दिवस आधी आठवणही करून दिली होती. आता गॅस नाही म्हटलं की चार गिऱ्हाइकांसमोर बोलणी बसणार.

धाकट्याने चिरेत पुट्टी भरली, रंगाआधी खड्डे बुजवतात ती. घासली. वर काळा रंग मारला.

"झालं का?" दादाने तिकडून विचारलं.

"झालं," धाकटा म्हणाला.

त्याच्या मनात होतं, दादा उद्या निघायच्या आत आपण लवकर उठू आणि खरं काय ते सांगून टाकू. काही वाईट हेतू नव्हता. बोलणी टाळायची होती, एवढंच.

तो उठला साडेनऊला.

दादा तोवर गेला होता. आणि अकराच्या सुमारास बातमी आली.

लोक म्हणाले, वेग जास्त असणार. पुलाच्या कठड्यावर आदळला. मोटरसायकल हातगाडीवर घालून आणली, तेव्हा तिची मान तुटून लोंबत होती. आदळल्यावर तुटणारच, असं सगळ्यांनी धरलं. आधी मान तुटली की आधी गाडी आदळली, हे कुणी विचारलं नाही. तुटक्या सांध्यात करडी पुट्टी दिसत होती. धाकट्याने ती नखाने खरवडून काढली. तेव्हा वर वहिनी रडत होत्या. ते त्याला ऐकू येत होतं.

मग त्याने मोटरसायकलवर गोणपाट टाकलं आणि बावीस वर्षं उचललं नाही.

उचलायला लावलं ते पुतणीने. बाप गेला तेव्हा ती सात वर्षांची. आता दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. तिने हट्टच धरला, की मला बाबांची मोटरसायकल चालवायची आहे. धाकट्याने शंभर सबबी सांगितल्या. सुटे भाग मिळत नाहीत, फ्रेम सडली, हात थरथरतात.

"काका, लोकांच्या मोडक्या गाड्या तुम्ही नवऱ्यामुलीसारख्या नटवता," ती म्हणाली. "आपलीच तेवढी जमत नाही का? बरं, राहू दे. मी दुसऱ्या कारागिराकडे देते."

दुसऱ्या कारागिराने सांधा उघडला, तर चिरेत राहिलेली जुनी पुट्टी त्याला एका नजरेत कळली असती. तो पुतणीला सांगणार, पुतणी वहिनींना.

धाकटा म्हणाला, "कुठे न्यायची नाही. मीच करतो."

काम त्याने जीव ओतून केलं, हे मान्य करावंच लागेल. गंज खरवडला. फ्रेम साच्यावर बांधून सरळ केली. मानेजवळचा सांधा पार स्वच्छ केला, नळीच्या आत दुसरी नळी बसवली आणि मग वरून पितळ भरलं. या वेळी गॅसच्या दोन नळकांड्या आणून ठेवल्या होत्या. पुट्टीचा डबा तर त्याने शेडमध्ये येऊच दिला नाही.

फ्रेम साखळीला टांगून त्याने वाजवली.

घंटेसारखा आवाज. लांब, स्वच्छ. शेड भरून राहिला.

धाकटा खाली बसला आणि कितीतरी वेळ डोळे पुसत राहिला. त्याला वाटलं, फिटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो मागच्या नळावर हात धूत होता. पत्र्यावर रोजची कबुतरं घुमत होती.

ती एकदम गप्प झाली.

आणि शेडमधून...

ठप्प.

ठप्प.

ठप्प.

हात तसेच ओले ठेवून तो आत आला. कुणी नव्हतं. पुढचं शटर अजून बंदच होतं. फ्रेम साखळीला स्थिर लटकत होती. घड्याळात आठ दहा.

त्याने मनाची समजूत घातली, की शेजारी काहीतरी आपटलं असेल. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे पान्यांची फळी आहे. प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, म्हणजे कुठला पाना कुठे लावायचा ते कळावं.

बारा नंबरची आकृती... रिकामी होती.

पाना सापडला फ्रेमच्या खाली, जमिनीवर. नीट ठेवलेला. पडलेला नव्हे.

त्याने तोच पाना उचलून सांधा वाजवला. घंटेसारखा आवाज. परत वाजवला. परत तसाच. त्याच्या हाताने फ्रेम धड वाजत होती. मघाशी ज्या कुणाच्या हाताने वाजली... त्या हाताखाली ती फुटकी होती.

आठवडाभर त्याचं कशात लक्ष नव्हतं. वहिनींनी विचारलं, भाऊजी, अंगात कणकण आहे का? तो म्हणाला, झोप नाही. काम मात्र थांबवलं नाही. अस्तर मारलं, त्यावर काळा रंग मारला.

पुढच्या रविवारी पावणेआठलाच तो फ्रेमसमोर स्टूल टाकून बसला. बारा नंबरचा पाना त्याने घट्ट मुठीत धरला होता.

आठ वाजले. काही नाही.

आठ सात. कबुतरं घुमत होती.

आठ नऊ...

कबुतरं थांबली. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येईना.

मूठ त्याने उघडली नव्हती. तरी मूठ हलकी झाली.

ठप्प.

त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेली फ्रेम शहारली. साखळीची एक कडी किणकिणली.

ठप्प.

मानेजवळच्या सांध्याखाली करडी भुकटी झरली. पिठासारखी. पुट्टीची. ज्या फ्रेममध्ये पुट्टीचा कणही नव्हता, तिच्यातून.

ठप्प.

मग नुसती शांतता. कुणीतरी उभं राहून कान देतंय, अशी.

आणि मागून आवाज आला, "भाऊजी."

तो स्टुलावरून पडता पडता वाचला. दारात वहिनी होत्या. हातात त्याचं न्याहारीचं ताट.

"तुम्ही काय वाजवत होता?" त्यांनी विचारलं.

त्याने रिकामी मूठ उघडून दाखवली.

"गेल्या रविवारीही ऐकलं मी," वहिनी म्हणाल्या. "वाटलं, भास झाला. त्या दिवशी सकाळी याच वेळेला हे असंच वाजलं होतं."

धाकट्याला कळेना. कुठल्या दिवशी?

मग वहिनींनी जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्या रविवारी सकाळी नवरा-बायकोचं वाजलं होतं. लेकीला बूट घ्यायला जायचं कबूल करून दादा भलतीकडेच निघाला होता. वहिनी संतापून म्हणाल्या होत्या, जा, आणि परत तोंड दाखवू नका. जिन्यापर्यंत येऊन त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या. खालून तीन ठोके ऐकू आले. त्यांनी वळून पाहिलं. दादा मोटरसायकलपाशी पाना घेऊन उभा होता. त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ.

"मला वाटलं, मला बोलावतायत," वहिनी म्हणाल्या. "समजूत काढायला. मी मुद्दाम तोंड फिरवलं. मग गाडी सुरू झाली. बावीस वर्षं मी हाच विचार करतेय, खाली गेले असते तर."

धाकटा जमिनीवर बसला.

गप्प राहिला असता तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. ताट, वहिनी, घर. पण समोर ही बाई बावीस वर्षं भलतंच ओझं वाहत उभी होती. त्याने सांगितलं. गॅस, पुट्टी, रंग, आणि ते एक 'झालं'. ते तीन ठोके हाक नव्हती, दादा फ्रेम वाजवून पाहत होता, हेही सांगितलं.

वहिनींनी ताट खाली ठेवलं. रडल्या नाहीत. फार हळू आवाजात विचारलं, "म्हणजे वाजवल्यावर त्यांना कळलं होतं?"

त्या क्षणापर्यंत धाकट्याने हा विचारच केला नव्हता.

दादाचा कान. एका ठोक्यात सांगायचा. त्याने तर तीन दिले होते.

"हो," तो म्हणाला. "कळलं असणार."

"मग तरी का गेले?"

याचं उत्तर? शेडमध्ये तिसरं जे कुणी होतं त्याच्याकडे असेल. पत्र्यावर कबुतरं पुन्हा घुमायला लागली.

वहिनी जिन्याकडे वळल्या. पहिल्या पायरीवर थांबून, मागे न बघता म्हणाल्या, "पोरीला यातलं काही सांगायचं नाही. आणि ती यावर बसणार नाही. कसं ते तुम्ही बघा. खोटं तुम्हाला चांगलं बोलता येतं."

ताट अजून वरून येतं. पुतणी आणून देते.

मोटरसायकल पूर्ण झाली. इंजिन एका किकला लागतं. तरी धाकटा पुतणीला सांगत राहतो, थोडं थांब, रंग ओला आहे.

आठ महिने झाले. पुतणी हसते. म्हणते, "काका, असला कसला हो तुमचा रंग?"

तिच्यासोबत तोही हसतो. पहिल्या दिवशी त्याने ही सबब सहज म्हणून सांगितली होती. ती गेल्यावर उगाच बोट लावून पाहिलं.

तेव्हापासून रोज सकाळी पाहतो. बाकी सगळी फ्रेम कोरडी खडखडीत आहे. मानेजवळच्या सांध्यावरून मात्र बोट फिरवलं... की बोट काळं होतं.