हलक्या हाताचे छीतरमलजी

"चाकसूच्या जत्रेला जाताना खिडकी माझी," श्रीपादने जाहीर केलं.

"बस अजून ठरली नाही आणि याची खिडकी ठरली," मीनाक्षी म्हणाली.

१९६३ सालची होळीची सुट्टी. मीनाक्षी आणि श्रीपादचे वडील बँकेतल्या बदलीमुळे जयपूरला आले होते, सी-स्कीम वस्तीत भाड्याच्या घरात राहत होते. होळीनंतर आठवड्याने, अष्टमीला, जवळच्या चाकसूच्या डुंगरीवर, म्हणजे टेकडीवर, देवीच्या रोगापासून राखणाऱ्या शीतलामातेची जत्रा भरते. त्यांच्या तान्ह्या भावाला, बापूला, मातेच्या पायांवर घालायलाच हवं, असं शेजारणींनी आईच्या मनावर ठसवलं होतं. त्या वर्षी चाकसूकडच्या काही गावांत देवीच्या रोगाची साथ होती. तरी आई निर्धास्त होती, कारण बापूला नुकत्याच देवी काढल्या होत्या, लस टोचली होती.

एवढ्यात शेजारचा उमाकांत बाही वर करून आला. त्याच्या दंडावर भली मोठी खपली होती. तो जयपुरातच वाढलेला, त्यामुळे त्याच्या मराठीला हिंदीची फोडणी असायची.

"मतलब, हा काय न्याय झाला? शाळेत टोचलं तर मला बुखार आला, फोड आला, हात उचलेना. आणि तुमच्या बापूला काहीच नाही?"

"आमच्याकडे लस टोचणारे सरकारी छीतरमलजी आले होते ना," आई कौतुकाने म्हणाली. "अगदी हलक्या हाताचा माणूस. गल्लीत एकाही बाळाला ताप नाही की फोड नाही."

"आणि त्यांनी आम्हाला बर्फ पण दिला चोखायला," श्रीपादने आठवणीनेच ओठ चाटले.

मीनाक्षी मात्र उमाकांतच्या खपलीकडे बघत होती. एका बाळाला त्रास झाला नाही तर ते त्याचं नशीब. पण सगळ्या गल्लीचं नशीब एकदम कसं उघडलं?

धुळवडीला तिघं गुलालाच्या पुड्या घेऊन निघाले. ज्या घरी तान्हं मूल, त्या घरी आधी. "बाळाच्या हाताला थोडासाच लावतो, काकी," असं म्हणत मीनाक्षी हळूच झबल्याची बाही वर करायची. सगळे दंड कोरे करकरीत होते. फोड नव्हता, खपली नव्हती, साधा डागही नव्हता. शेवटच्या घरी तर श्रीपादने बाळाऐवजी आजोबांना लाल केलं आणि तिघांना पळावं लागलं.

वरच्या मजल्यावर शकुंतलामावशी राहायच्या. त्या मेडिकल कॉलेजात शिकवायच्या. मुलांचं बोलणं ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पहिल्यांदा देवी काढल्यावर फोड यायलाच हवा," त्या म्हणाल्या. "हे बघा, देवीचा विषाणू एकटा अगदी दुबळा असतो. त्याला एकट्याने काही करता येत नाही. तो आपल्या शरीरातल्या पेशीत शिरतो आणि तिचंच सामान वापरून आपल्यासारखे शेकडो तयार करतो. मग ते पुढच्या पेशींत घुसतात."

"म्हणजे घुसखोर पाहुणा," श्रीपाद म्हणाला.

"हो, आणि लसीत त्याचा एक सौम्य नातेवाईक असतो, जिवंत. तो दंडात शिरला की शरीराचे रक्षक धावून येतात. जिथे झुंज होते तिथे फोड येतो. त्या झुंजीत शरीर शत्रूला ओळखायला शिकतं आणि ती ओळख वर्षानुवर्षं विसरत नाही. उद्या खरी देवी आली, तर रक्षक तयारच असतात. बापूएवढं बाळ, अजून धड बसता येत नाही, पण त्याच्या शरीराला हे सगळं जमतं. मी इतकी वर्षं शिकवते, तरी मला त्याचं नवल वाटतं."

मीनाक्षीने खाली अंगणात आईच्या मांडीवर असलेल्या बापूकडे पाहिलं. "मग फोड नाही म्हणजे झुंज झालीच नाही. त्याला काहीच संरक्षण नाही, मावशी. आणि आई त्याला साथीच्या गावाजवळ नेणार आहे."

"पण लस खराब कशी होईल?" मावशी म्हणाल्या. "ती उष्णतेने मरते खरी, म्हणून तर बर्फाच्या पेटीत घालून देतात."

"बर्फ," मीनाक्षी एकदम म्हणाली. "श्रीपाद, तू चोखलास तो बर्फ आला कुठून? आपल्या घरी तर नव्हता."

"छीतरमलजींच्या लसीच्या पेटीतून," श्रीपाद म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

आईला हे पटेना. "एवढ्या भल्या माणसावर आळ घेऊ नका," ती म्हणाली. मग मुलांनी दुसऱ्या दिवशी लसीची पेटी घेऊन होळीचा राम-राम करायला आलेल्या छीतरमलजींना आग्रहाने घरात बसवलं. उमाकांतने ठंडाईचा पेला पुढे केला. शकुंतलामावशी आणि आई पडद्यामागे होत्या.

"माफ करना, ठंडाई गरम है," उमाकांतने चेहरा पाडला. "घर में बर्फ नहीं है."

"अरे बेटा, बर्फ की क्या फिकर. हमारे पास सरकारी है," छीतरमलजी हसून म्हणाले आणि त्यांनी पेटी उघडली. आत बर्फ होता, पानाचा डबा होता, सरबताची बाटली होती.

"और टीका?" मीनाक्षीने लसीबद्दल विचारलं.

"यहाँ, कलेजे से लगाकर," म्हणत त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागदी चिट्ठ्या चिकटवलेल्या लसीच्या बारीक काचेच्या नळ्या काढल्या. "बर्फ के पानी से चिट्ठी गल जाती है, बिटिया. इसलिए जेब में."

पडदा सरकला. मावशींनी नळ्या हातात घेतल्या. त्या चांगल्याच कोमट झाल्या होत्या. मावशी रागावल्या नाहीत, पण हलक्या हाताचं रहस्य, म्हणजे खिशातल्या उबेने मेलेली लस, त्यांनी अशा शब्दांत सांगितलं की छीतरमलजींनी ठंडाईचा पेला न पिताच खाली ठेवला. आई पुढे आली आणि तिने बापूला घट्ट पोटाशी धरलं.

त्याच दुपारी मावशींनी कॉलेजातून थंड लस आणली. छीतरमलजी त्यांच्यासोबत दारोदार गेले आणि माफी मागून प्रत्येक बाळाला पुन्हा टोचून आले. आता आठवडाभर सगळ्या घराचं लक्ष एका इवल्याशा दंडावर होतं. आधी लाल ठिपका दिसला, मग गाठ आली. जत्रेच्या दिवशी, अष्टमीच्या सकाळी, बापू तापाने किरकिरत उठला आणि त्याच्या दंडावर मोत्यासारखा टपोरा फोड होता.

"लढला गं माझा सोन्या," आई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. बापूची जत्रा पुढच्या वर्षी, असं तिनेच ठरवलं. श्रीपादची खिडकी गेली, पण तो चक्क कुरकुरला नाही.

चाकसूला जाता जाता छीतरमलजी दाराशी थांबले. ऊन चढलं होतं आणि ते घामाघूम झाले होते. पेटी उघडून त्यांनी दाखवलं, नळ्या बर्फात नीट होत्या, चिट्ठ्यांना मेण लावलेलं होतं. श्रीपादचा हात बर्फाकडे गेला तसा त्यांनी तो हळूच बाजूला केला.

त्यांनी बापूची बाही वर करून फोड पाहिला आणि हात जोडले. "शीतला माता को तो सब ठंडा ही चढ़ता है, बहनजी. आज घर-घर ठंडा खाना है. इतनी सी बात मैं ही भूल गया."

ते गेल्यावर मावशींनी मीनाक्षीच्या खांद्यावर हात ठेवला. "फोड आला नाही म्हणून सगळी गल्ली खूश होती. मीसुद्धा रोज याच जिन्यावरून जात होते. तुला एकटीला ते खटकलं."

आत बापूने भोकाड पसरलं. श्रीपाद खुळखुळा घेऊन धावला.

"रडू दे त्याला," आई हसून म्हणाली, आणि आदल्या रात्रीच्या थंड पुऱ्या सगळ्यांना वाढायला घेतल्या.