भिंतीतली जाळी

"फ्रीज बंद करा, सर. आता पंखा. आता बाहेरचा दिवा."

रणभिसे सर एकेक बटण दाबून परत येत होते. मेहरून शिकलगार मांडीवर त्यांची गिटार घेऊन, मान कलती करून ऐकत बसली होती. स्पीकरमधून दर चार सेकंदांनी एक बारीकसा ठोका येत होता. टुक. फ्रीज बंद झाला, पंखा थांबला, ठोका मात्र चालूच राहिला.

मेहरूनचं वय छप्पन्न, गुडघे सत्तरीचे. मिरजेत तिच्या घराण्याने चार पिढ्या सतारी घडवल्या. हिच्या वाट्याला आलं ते इलेक्ट्रिक गिटारमधला नको असलेला आवाज शोधणं. वाजवणाऱ्याचं नाव होतं, घडवणाऱ्याचंही होतं. आवाज घालवणाऱ्याला लोक फक्त तो परत आला की फोन करतात.

पूर्वी हे काम सोपं होतं. खराब वायर, सैल अर्थिंग, नाहीतर शेजारची ट्यूबलाइट, एवढेच संशयित असायचे. मग चार वर्षांपूर्वी गावात खांबाखांबावर वीज सोडणारे घुमट बसले आणि वीज हवेतून घरात येऊ लागली. फोन खिशातच भरू लागले, वायरींची जंजाळं गेली, लोक खूश झाले. रडले ते गिटारवाले. गिटारच्या तारांखाली तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. वरची तार थरथरली की गुंडाळीत वीज उमटते आणि तिचा पुढे आवाज होतो. पण ही वीज तारेची की हवेतली, हे त्या गुंडाळीला काही कळत नाही. त्यामुळे गावातली प्रत्येक गिटार घूं करत बसली.

त्यावर मेहरूनने उपाय काढला. घुमटाकडच्या भिंतीत, गिलाव्याखाली, तांब्याची जाळी ठोकायची. जाळी हवेतली वीज अडवते, तिच्यामागे विजेची सावली पडते, आणि सावलीतली गिटार गप्प होते. अशा दोनशेच्या वर भिंती तिने आजवर जाळीबंद केल्या होत्या. सरांच्या या खोलीतली जाळी तीन महिन्यांपूर्वीची. घूं तेव्हाच गेली होती. हा ठोका त्यानंतर सुरू झालेला.

"रविवारी इथे घरीच उपासना आहे," सर भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाले. "मार्थाला जाऊन वर्ष होतंय. तिची आवडती चाल वाजवायची, आणि मधेच हे टुक? बरं नाही वाटत, ताई."

"करते की. दम धरा जरा."

ती उठली. गुडघा कुरकुरला. गिटार हातात धरून ती जागच्या जागी हळूहळू वळली. गुंडाळीचं तोंड आवाजाच्या उगमाकडे झालं की ठोका मोठा होतो, आडवं झालं की विरतो. खोलीत दोन ठिकाणी उभं राहून पाहिलं, दोन्हीकडून बोट एकाच जागी गेलं. मागची भिंत. पलीकडे मगदूमांचं घर.

"त्यांचं एखादं यंत्र असेल. या भिंतीलाही जाळी मारू," ती म्हणाली. कंटाळा आला होता. घरी जाऊन पाय पसरावेत, एवढंच मनात होतं.

सरांनी गिटार खुर्चीवर ठेवली, स्पीकर चालूच होता. मेहरूनने जाळी उलगडून वरच्या कोपऱ्यापासून ठोकायला सुरुवात केली. निम्मी भिंत झाकली गेली, ठोका बारीक झाला. पण आता तो तीन सेकंदांनी येत होता. आणखी हातभर जाळी बसली. दोन सेकंद. मग एक.

तिचा हातोडा थांबला. एवढ्या वर्षांत तिने गप्प होणारे आवाज ऐकले होते, चिवट आवाज ऐकले होते. अडवल्यावर घाई करणारा आवाज पहिल्यांदाच ऐकला. ती घाबरली.

"सर, शेजारी कोण असतं?"

"अण्णा आणि कुसुमताई. का?"

ती तशीच, हातोडा घेऊन, शेजारच्या दारात गेली. अण्णा मगदूमांनी दार उघडलं ते फोन कानाला लावूनच.

"डॉक्टरला लावतोय. हिला दम लागलाय. छातीतलं यंत्र पिवळं दाखवतंय."

भिंतीलगतच्या पलंगावर कुसुमताई उशीला टेकून हवा ओढत होत्या. उशाशी छोट्या पाटीवर पिवळा दिवा उघडझाप करत होता. श्वासाच्या स्नायूंना इशारा देणारं ते यंत्र मेहरूनला ऐकून माहीत होतं. बॅटरी बदलायला छाती उघडावी लागू नये म्हणून ते हवेतल्या विजेवर चालतं, आणि वीज कमी पडली की घुमटाला हाक मारतं. तो ठोका म्हणजे हीच हाक होती.

"कधीपासनं असं होतंय, अण्णा?"

"तीन म्हयने झाले बघा. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मग आम्ही बी तसंच म्हटलं."

मेहरून धावत परत आली. गुडघ्याचं भान तिला नव्हतं. नवी जाळी तिने एका हिसक्यात ओढून काढली. जाळीची सावली भिंतीपलीकडे कुसुमताईंच्या पलंगापर्यंत जाते, हे सरांना दोन वाक्यांत सांगितलं, तशी त्यांनी तिच्या हातातून हातोडा घेतला आणि घुमटाकडच्या भिंतीचा गिलावा स्वतः फोडायला लागले. जाळीचा एकेक पट्टा खाली पडला. स्पीकरमध्ये घूं परत आली, मोठी, जुनी, ओळखीची. तिच्या आत ठोका दोन सेकंदांवर गेला, मग चारवर, आणि मग आलाच नाही.

भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला. "हिरवा झाला, ओ. हिरवा झाला."

सर गिलाव्याच्या ढिगाऱ्यात खाली बसले. "रविवारी घूंसकट वाजवीन," ते म्हणाले. "मार्था हसेल फार तर."

अण्णांनी हात जोडून मेहरूनचे आभार मानले. ते तिला सोसवले नाहीत. हातोडा उचलून ती निघाली, चहालाही थांबली नाही.

दोनशे भिंती. हे गाव दवाखान्यांचं, दुरून दुरून आजारी माणसं इथे येऊन राहिलेली. प्रत्येक ठिकाणी तिने गिटार फिरवली होती, वायरी तपासल्या होत्या, अर्थिंग पाहिलं होतं. भिंतीपलीकडे कोण निजतं, हे एकाही घरी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती, असं ती स्वतःला म्हणाली. त्याने बरं वाटलं नाही.

सगळ्यात जवळची भिंत दोन गल्ल्या सोडून होती. मागच्या वर्षीची. ती तिथपर्यंत चालत गेली, आपल्या गिऱ्हाइकाचं दार टाळलं आणि त्याच्या शेजारची बेल दाबली. एका तरुण मुलीने दार उघडलं.

"बाळ, तुमच्या घरात कुणाच्या छातीत श्वासाचं यंत्र आहे का गं?"

मुलीची नजर तिच्या हातातल्या हातोड्याकडे गेली.

"होतं. आत्याला. दिवाळीच्या आधी गेली ती," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"